तारेखालचा अंधार

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत आजही सुमारे ६० कोटी माणसांच्या घरात वीज नाही. जगात विजेपासून वंचित असलेल्या दर दहा माणसांपैकी आठांहून अधिक माणसे याच भूभागात राहतात, आणि भारत व बांगलादेशातील खेडी गेल्या दोन दशकांत उजळत गेल्यामुळे हे प्रमाण उलट वाढत गेले आहे. वाळवंटाच्या उत्तरेला चित्र अगदी वेगळे आहे. मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया आणि इजिप्त या देशांत जवळपास प्रत्येक घरी वीज पोचलेली आहे. याउलट चाड, बुरुंडी आणि दक्षिण सुदान या देशांत दर दहा माणसांत जेमतेम एकाला तिचा लाभ मिळतो. ज्यांच्याकडे वीज आहे त्यांचा वापरही थोडाच असतो. एक हजार वॅटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट वीज खर्च होते. या मापाने भारतातील दरडोई वार्षिक वापर १,३०० युनिटांच्या पुढे आहे, तर दक्षिण आफ्रिका हा देश वगळता सहाराच्या दक्षिणेकडील प्रदेशात तो सरासरी १८० युनिटांच्या आसपास घुटमळतो.

ही परिस्थिती ऊर्जेच्या दुष्काळामुळे आलेली नाही. सौर वीजनिर्मितीला सर्वांत अनुकूल अशा जगातील भूभागांपैकी सुमारे ६० टक्के आफ्रिका खंडात आहेत, काँगो, नाईल आणि झांबेझी या नद्यांमध्ये प्रचंड जलशक्ती आहे, आणि पूर्व आफ्रिकेच्या खचदरीखाली भूगर्भाची उष्णता वर्षभर उपलब्ध आहे. तरीही जगात बसवलेल्या एकूण सौर क्षमतेपैकी केवळ १ टक्का क्षमता या खंडात आहे, असे आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने आपल्या २०२२ च्या अहवालात नोंदवले. ऊर्जा आहे पण वीज नाही, या विसंगतीचे कारण तंत्रज्ञानात शोधण्याआधी विजेच्या तारा कोणासाठी ओढल्या गेल्या याचा इतिहास पाहावा लागतो.

विसाव्या शतकात आफ्रिकेत उभारलेली मोठी वीजकेंद्रे मुख्यतः खाणी, धातू वितळवणारे कारखाने आणि काही निवडक शहरे यांच्यासाठी होती. झांबेझी नदीवरील करिबा धरण १९५० च्या दशकाच्या अखेरीस उभे राहिले ते प्रामुख्याने उत्तर ऱ्होडेशियातील, म्हणजे आजच्या झांबियातील, तांब्याच्या खाणींना वीज मिळावी म्हणून, आणि त्याच्या जलाशयासाठी टोंगा समाजातील सुमारे ५७ हजार माणसांना आपली नदीकाठची शेती सोडावी लागली. घानामध्ये राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांनी नव्या राष्ट्राच्या औद्योगिकीकरणाचा पाया म्हणून आकोसोम्बो धरणाचा आग्रह धरला. १९६५ मध्ये ते पूर्ण झाले, सुमारे ८० हजार माणसे विस्थापित झाली, आणि सुरुवातीच्या काळात तेथील विजेचा मोठा हिस्सा तेमा येथील परदेशी मालकीच्या ॲल्युमिनियम कारखान्याला सवलतीच्या दराने जात राहिला. मोझांबिकमधील काहोरा बासा धरणाची वीज तर दुसऱ्या देशात, सुमारे १,४०० किलोमीटर अंतरावरील जोहान्सबर्ग परिसरात पोचवण्याची योजना आधी ठरली आणि धरण नंतर बांधले गेले.

या साऱ्या इतिहासातले सर्वांत बोलके उदाहरण काँगो लोकशाही प्रजासत्ताकाचे आहे. काँगो नदीवरील इंगा येथील दोन वीजकेंद्रे अनुक्रमे १९७२ आणि १९८२ मध्ये सुरू झाली, आणि तेथून देशाच्या आग्नेय टोकाच्या शाबा प्रांतातील, म्हणजे कटांगातील, तांबे व कोबाल्टच्या खाणींपर्यंत सुमारे १,७०० किलोमीटर लांबीची पारेषणवाहिनी ओढण्यात आली. ती त्या काळी जगातील सर्वांत लांब वाहिन्यांपैकी एक होती. वाटेत शेकडो गावे तिच्या तारांखाली आली, पण त्या गावांना वीज मिळाली नाही, आणि त्याला केवळ अनास्था कारणीभूत नव्हती. वाहिनीची रचनाच तशी होती. लांब पल्ल्याची ही वाहिनी उच्च दाबाच्या एकदिश प्रवाहाची आहे. नेहमीच्या वाहिनीत प्रवाहाची दिशा सतत उलटसुलट होत असते आणि म्हणून वाटेत कोठेही रोहित्र, म्हणजे गावाकडे ज्याला डीपी म्हणतात ते ट्रान्सफॉर्मर, बसवून दाब कमी करता येतो व वीज गावाला देता येते. एकदिश प्रवाहाच्या वाहिनीवर हे शक्य नसते. तिच्यातून वीज काढून घ्यायची तर मधे अत्यंत खर्चिक परिवर्तन केंद्र उभारावे लागते. दूरवरच्या खाणीपर्यंत कमीत कमी गळतीने वीज नेण्यासाठी निवडलेले तंत्र वाटेतल्या गावाला वगळणारे होते, आणि ते निवडताना या गावांचा हिशेब कोणी केला नव्हता. इंगाच्या परिसरात ४० हजार मेगावॅट वीज निर्माण होऊ शकते असे अनेक दशके सांगितले जात असताना काँगोतील पाचपैकी सुमारे चार माणसे आजही विजेविना राहतात.

तारा गावापर्यंत आल्या म्हणजे अंधार संपतो, हेही गृहीत धरता येत नाही. पश्चिम केनियात केनेथ ली, एडवर्ड मिगेल आणि कॅथरीन वोल्फ्राम या अर्थशास्त्रज्ञांनी केलेल्या अभ्यासात असे दिसले की, ज्या वस्त्यांमध्ये रोहित्र बसून काही वर्षे लोटली होती तेथेही बहुसंख्य घरे जोडणीविना होती, आणि त्यातली कित्येक घरे तारेपासून हाकेच्या अंतरावर होती. जोडणीचे शुल्क सुमारे ३५ हजार केनियन शिलिंग होते आणि अनेक ग्रामीण कुटुंबांना एवढी रक्कम एकदम भरणे अशक्य होते. अभ्यासकांनी काही वस्त्यांना वेगवेगळ्या प्रमाणात सवलत देऊन पाहिली. जोडणी पूर्णपणे मोफत मिळाली तेथे जवळजवळ सर्वांनी ती घेतली. शुल्क १५ हजार शिलिंगांवर आणले तेथे मात्र चौथाई कुटुंबेसुद्धा पुढे आली नाहीत. केनिया सरकारने २०१५ मध्ये हाती घेतलेल्या अंतिम टप्प्याच्या जोडणी योजनेत शुल्क याच १५ हजारांवर आणले होते, आणि ते हप्त्याने भरण्याची सोय करावी लागली त्याचे कारण यातून कळते. याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष विजेच्या समर्थकांना अधिक अस्वस्थ करणारा होता: जोडणी मिळाल्यानंतरच्या दीड ते अडीच वर्षांत कुटुंबांचे उत्पन्न किंवा मुलांचे शिक्षण यांत ठळक फरक आढळला नाही, कारण घरात दिवा आणि मोबाइलचा चार्जर यांपलीकडे विजेवर चालणारे काही घ्यायला पैसेच नव्हते.

वितरण कंपन्यांची अडचणही यातूनच उभी राहते. विखुरलेल्या वस्तीत खांब, तारा आणि रोहित्र यांचा खर्च दर घरामागे प्रचंड येतो, घर मात्र महिन्याला दहा-वीस युनिटेच वापरते, आणि त्यावर मिळणाऱ्या बिलातून देखभालीचाही खर्च निघत नाही. जागतिक बँकेने २०१६ मध्ये सहाराच्या दक्षिणेकडील ३९ देशांतील वीज कंपन्यांचे हिशेब तपासले, तेव्हा चालू खर्च आणि भांडवली खर्च असे दोन्ही खर्च भरून काढणारे देश केवळ दोनच निघाले, युगांडा आणि सेशेल्स. जी कंपनी प्रत्येक नव्या ग्रामीण ग्राहकामागे तोट्यात जाते, तिच्याकडून गावोगाव जाण्याच्या उत्साहाची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. त्यात जन्मदर मोठा असल्याने दरवर्षी लक्षावधी नव्या जोडण्या देऊनही वीज नसलेल्यांची संख्या गेल्या दशकभरात ६० कोटींच्या आसपासच राहिली.

मोरोक्कोने हे कोडे सोडवले ते सार्वजनिक पैसा आणि ठाम नियोजन यांच्या बळावर. तेथे १९९५ मध्ये ग्रामीण भागातील केवळ १८ टक्के घरांत वीज होती; १९९६ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण विद्युतीकरणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने दोन दशकांत हे प्रमाण ९९ टक्क्यांच्या वर नेले. खर्चाचा भार राष्ट्रीय वीज मंडळ, स्थानिक पंचायती आणि लाभार्थी कुटुंब यांनी वाटून घेतला, कुटुंबाचा वाटा दीर्घ मुदतीच्या हप्त्यांत फेडता येत असे, आणि डोंगराळ भागातील ज्या विखुरलेल्या घरांपर्यंत तार नेणे परवडणारे नव्हते तेथे त्याच कार्यक्रमातून सौर संच बसवले गेले. दक्षिण आफ्रिकेतही १९९४ नंतरच्या लोकशाही सरकारने वीज हा नागरिकाचा हक्क मानून कोट्यवधी कृष्णवर्णीयांच्या घरांना जोडण्या दिल्या आणि २००३ पासून गरीब कुटुंबांना दरमहा ५० युनिटे मोफत देण्याचे धोरण स्वीकारले. या दोन्ही देशांकडे भक्कम सरकारी यंत्रणा आणि मोठी करवसुली होती. ज्या देशांकडे ती नव्हती तेथे वेगळी वाट निघाली, आणि ती प्रथम मोबाइल दूरध्वनीच्या मागोमाग आली.

ही वाट शक्य होण्यासाठी चार गोष्टी साधारण एकाच काळात जुळून याव्या लागल्या. सौर पॅनेलची किंमत २०१० नंतरच्या दशकात सुमारे ९० टक्क्यांनी घसरली. लिथियम बॅटरीची किंमतही जवळपास त्याच वेगाने उतरली. एलईडी दिव्यांमुळे एक-दोन वॅटमध्ये खोलीभर उजेड मिळू लागला, जो रॉकेलच्या चिमणीच्या उजेडापेक्षा कितीतरी पट अधिक असतो आणि ज्याला धूर नसतो, आग लागण्याची भीती नसते. चौथी गोष्ट मात्र ऊर्जाक्षेत्राबाहेरची होती. मार्च २००७ मध्ये केनियातील सफारीकॉम या दूरसंचार कंपनीने 'एम-पेसा' नावाची सेवा सुरू केली, जिच्यामुळे बँकेत खाते नसलेल्या माणसालाही साध्या मोबाइलवरून पैसे पाठवता व स्वीकारता येऊ लागले. अनेक गावांत मोबाइल आधी पोचला आणि वीज नंतर. त्यामुळे मोबाइल चार्ज करण्यासाठी बाजाराच्या गावापर्यंत चालत जाऊन दुकानदाराला पैसे देण्याचा प्रघात पडला होता. रॉकेल, मेणबत्त्या, टॉर्चचे सेल आणि हे चार्जिंग यांवर गरीब कुटुंब रोज थोडेथोडे करून जे खर्च करत असे, त्याची वर्षाची बेरीज एका छोट्या सौर संचाच्या किमतीच्या जवळ जाणारी होती. अडचण होती ती ही रक्कम एकदम हाती नसण्याची.

एम-कोपा या कंपनीने २०१२ मध्ये केनियात जी विक्रीपद्धत रूढ केली ती नेमकी या अडचणीवर बेतलेली होती. ग्राहकाने सुरुवातीला सुमारे ३ हजार शिलिंग भरायचे, छोटे पॅनेल, बॅटरी, दोन-तीन दिवे, रेडिओ आणि मोबाइल चार्जर असा संच घरी न्यायचा, आणि मग वर्षभर रोज ४० ते ५० शिलिंग एम-पेसाने भरत राहायचे. संचात एक सिमकार्ड बसवलेले असे. पैसे जमा झाल्याचा संदेश आला की संच चालू राहत असे, आणि हप्ता चुकला की तो आपोआप बंद पडत असे, पुन्हा पैसे भरले की पुन्हा चालू होत असे. वर्षभराचे हप्ते पुरे झाल्यावर संच ग्राहकाच्या मालकीचा होत असे. वापराल तसे पैसे भरा, या तत्त्वावरची ही पद्धत पुढे टांझानिया, युगांडा, रवांडा, घाना, नायजेरिया अशी पसरत गेली. या बाजारातील एक प्रमुख नाव असलेल्या सन किंग या कंपनीने आपले सुरुवातीचे दिवे भारतातील खेड्यांत विकले होते आणि तेथील अनुभव घेऊनच ती आफ्रिकेकडे वळली होती, ही गोष्ट भारतीय वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे.

या पद्धतीचे श्रेय पॅनेलपेक्षा हप्त्याला अधिक आहे. मजुरी रोजची असेल, किंवा पीक निघाल्यावरच पैसा हातात येत असेल, तर त्या कुटुंबाला महिन्याचे बिल किंवा वर्षाची रक्कम झेपत नाही. रॉकेल मात्र बाटलीभर, पैसे असतील तेवढे, विकत मिळत असे. सौर संच त्याच रीतीने मिळू लागला तेव्हा तो घराघरांत शिरला. परंतु याच गुणातून त्याची मर्यादाही येते. हप्त्याची व्यवस्था, गावोगावचे विक्रेते, बुडालेली उधारी आणि महागडे कर्ज यांचा खर्च संचाच्या किमतीत मिसळतो, आणि रोखीने मिळाला असता त्यापेक्षा कितीतरी महाग तो गरिबाला पडतो. आजारपण आले किंवा पाऊस लांबला की हप्ते थांबतात आणि घर पुन्हा अंधारात जाते. कंपन्यांनाही हे गणित सोपे गेले नाही. टांझानिया, रवांडा आणि केनियात मोठ्या आकाराचे संच विकणारी मोबिसोल ही जर्मन कंपनी २०१९ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि एका फ्रेंच ऊर्जा समूहाने ती विकत घेतली. बाजाराच्या बळावर चालणारी ही व्यवस्था ज्यांच्याकडे रोज ५० शिलिंग आहेत त्यांच्यापर्यंत पोचते, आणि ज्यांच्याकडे तेवढेही नाहीत त्यांच्या दाराशी थांबते. टोगोने २०१९ पासून हे ओळखून सौर संचाच्या हप्त्यात सरकारतर्फे दरमहा मदत देण्यास सुरुवात केली. या वाटेने इतर देशांनीही जाणे आवश्यक आहे.

घरात दोन दिवे लागले म्हणजे त्या घरी वीज आली असे म्हणावे काय, हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही, कारण त्याच्या उत्तरावर सरकारांचे यशापयश मोजले जाते. जागतिक बँकेने २०१५ मध्ये यासाठी शून्य ते पाच अशा पायऱ्यांची मोजपट्टी मांडली. पहिल्या पायरीवर किमान ३ वॅट क्षमता, दिवसभरात चार तास आणि त्यातला किमान एक तास संध्याकाळी, एवढीच अपेक्षा आहे. म्हणजे दिवा आणि मोबाइल. दुसऱ्या पायरीवर किमान ५० वॅट लागतात, ज्यात पंखा किंवा छोटा टीव्ही चालतो. तिसरी पायरी २०० वॅटची, तिथे लहान फ्रीजचा विचार करता येतो, आणि पाचव्या पायरीवर २ हजार वॅट व जवळपास अखंड पुरवठा, म्हणजे शहरी मध्यमवर्गीय घर. बहुतेक सौर संच पहिल्या किंवा दुसऱ्या पायरीवरचे असतात. त्यांवर स्वयंपाक होत नाही, आणि आफ्रिकेत जवळपास शंभर कोटी माणसे आजही लाकूड, कोळसा किंवा शेणाच्या धुरातच अन्न शिजवतात. पहिल्या पायरीला कमी लेखू नये, कारण चिमणीच्या धुरात अभ्यास करणाऱ्या मुलीला तिचे मोल कळते. पण तिला शेवटची पायरी समजणे हा त्या मुलीवर अन्याय ठरेल.

घरचा छोटा संच आणि देशव्यापी वीजजाळे, म्हणजे ग्रिड, यांच्या मधली वाट म्हणजे मिनी-ग्रिड. एखाद्या गावात किंवा बाजारपेठेत सौर पॅनेलचा एक मोठा पट्टा, बॅटऱ्यांची खोली, आणि गरज पडल्यास डिझेल जनरेटर, यांच्यापासून निघालेल्या तारा गावातल्या शे-दोनशे किंवा हजारभर घरांना व दुकानांना नेहमीच्या दाबाची वीज देतात, आणि ही सारी यंत्रणा देशाच्या ग्रिडला न जोडताही चालते. अशा विजेवर पिठाची गिरणी, वेल्डिंगचे यंत्र, शीतपेटी आणि पाण्याचा पंप चालू शकतो. तिचा दर मात्र चढा असतो. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार अशा विजेचा सरासरी उत्पादनखर्च २०१८ मध्ये युनिटमागे ५५ अमेरिकी सेंट होता, तो २०२१ पर्यंत ३८ सेंटांवर आला, आणि हाही भारतीय हिशेबात तीस रुपयांच्या आसपास जातो. हा खर्च पुढे किती उतरेल हे पॅनेलच्या किमतीपेक्षा दुपारच्या मागणीवर अवलंबून आहे. दिवसा ऊन असते तेव्हा घरे रिकामी असतात आणि वीज वाया जाते, संध्याकाळी सर्वांचे दिवे लागतात तेव्हा ती महागड्या बॅटरीतून काढावी लागते. क्षमतेचा जेवढा भाग प्रत्यक्षात वापरला जातो त्याला भारांक म्हणतात. तो २२ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर नेता आला तर ३८ सेंटांचा खर्च २८ सेंटांपर्यंत उतरतो, असा याच अंदाजातला हिशेब आहे. म्हणूनच गावात डिझेलवर चालणारी मक्याची गिरणी विजेवर आणणे हे मिनी-ग्रिडच्या चालकासाठी चार-दोन नव्या घरांपेक्षा मोलाचे ठरते, आणि गिरणीचे नवे यंत्र घेण्यासाठी कर्ज देणारा कोणी नसेल तर साऱ्या योजनेचाच पाया डळमळतो.

या बाबतीत सर्वांत मोठी परीक्षा नायजेरियात चालू आहे. वीज नसलेल्यांची संख्या, साडेआठ कोटींच्या पुढची, जगात सर्वाधिक याच देशात आहे, आणि ज्यांना जोडणी आहे त्यांचाही भरवसा ग्रिडपेक्षा अंगणातल्या पेट्रोल जनरेटरवर अधिक असतो. शहरी वस्त्यांत संध्याकाळी या यंत्रांचा एकसुरी आवाज आणि धूर नित्याचा असतो. मे २०२३ मध्ये सरकारने पेट्रोलवरील अनुदान काढून घेतले, पेट्रोलचे भाव काही महिन्यांत तिपटीच्या आसपास गेले, आणि सौर विजेची तुलना आता ग्रिडच्या स्वस्त दराशी न होता जनरेटरच्या महागड्या दराशी होऊ लागली. त्याआधीच २०१६ मध्ये नायजेरियाच्या वीज नियामक आयोगाने मिनी-ग्रिडसाठी स्वतंत्र नियम केले होते, आणि त्यातली एक तरतूद फार महत्त्वाची होती. मिनी-ग्रिड उभारणाऱ्याला सर्वांत मोठी भीती असते ती उद्या राष्ट्रीय ग्रिडची स्वस्त तार गावात येण्याची. तसे झाले तर त्याची गुंतवणूक बुडते. नायजेरियाच्या नियमांनी अशा वेळी त्याला नुकसानभरपाई मिळेल किंवा त्याची यंत्रणा ग्रिडशी जोडून घेतली जाईल, अशी हमी दिली. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक बँकेने या देशातील विकेंद्रित सौर विजेसाठी ७५ कोटी डॉलरचा कार्यक्रम मंजूर केला, ज्याचे लक्ष्य पावणेदोन कोटी नायजेरियनांपर्यंत पोचण्याचे आहे आणि ज्यातले अनुदान जोडणी प्रत्यक्ष चालू झाल्याची पडताळणी झाल्यावर दिले जाते. टांझानियाने खरे तर नायजेरियाच्याही आधी, २००८ पासून, छोट्या वीज उत्पादकांसाठी चांगले नियम केले होते. पण पुढे खासगी मिनी-ग्रिडनीही राष्ट्रीय कंपनीइतकाच दर घ्यावा असा आग्रह शासनाने धरला आणि गुंतवणूकदार मागे हटले. खेड्यातल्या माणसाने शहरातल्या माणसाच्या कितीतरी पट दर का द्यावा, हा टांझानियाच्या सरकारचा प्रश्न न्याय्यच होता. उणीव होती ती दरातला फरक कोणी भरून काढायचा हे न ठरवण्याची.

विजेच्या अभावाची सर्वांत जड किंमत दवाखान्यांत मोजावी लागते. जागतिक आरोग्य संघटना व तिच्या सहयोगी संस्थांनी २०२३ मध्ये दिलेल्या आकडेवारीनुसार सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत केवळ निम्म्या रुग्णालयांना भरवशाची वीज मिळते. लॉरा स्टॅचेल या अमेरिकी प्रसूतितज्ज्ञ २००८ मध्ये उत्तर नायजेरियात मातामृत्यूंचा अभ्यास करत असताना त्यांनी शस्त्रक्रिया मध्येच अंधारात अडकताना पाहिल्या, आणि पती हाल ॲरॉन्सन यांच्या मदतीने एका पेटीत मावणारा सौर संच तयार केला, ज्यात प्रसूतीच्या वेळचे दिवे, मोबाइल चार्जर आणि गर्भाच्या हृदयाचे ठोके मोजणारे उपकरण असे. ही पेटी पुढे अनेक देशांतील हजारो प्रसूतिकेंद्रांत पोचली. लसींसाठी बॅटरी न लागणारे सौर शीतकपाटही आता सर्रास वापरले जाते. ते दिवसाच्या उन्हावर बर्फ गोठवून ठेवते आणि रात्रभर त्या गारव्यावर लस टिकवते, त्यामुळे दर काही वर्षांनी बॅटरी बदलण्याची गरज आणि ती न बदलल्याने लस वाया जाण्याची आपत्ती दोन्ही टळतात. दवाखान्याच्या विजेचा खर्च रुग्णाच्या हप्त्यांतून निघू शकत नाही. तो सरकारनेच उचलायला हवा.

नवे यंत्र बसवणे सोपे आणि ते दहा वर्षे चालू ठेवणे कठीण, हा अनुभव सगळीकडचा आहे. राजस्थानातील तिलोनिया येथील बेअरफुट कॉलेजने आफ्रिकेतील अनेक देशांच्या खेड्यांमधून मध्यमवयीन, बहुधा निरक्षर स्त्रियांना बोलावून सहा महिन्यांत सौर संच जोडण्याचे आणि दुरुस्त करण्याचे शिक्षण दिले, आणि पुढे टांझानियाच्या झांझिबार बेटावरही असेच केंद्र सुरू झाले. तरुण मुलगा हे कसब शिकून शहराकडे जातो, आजी मात्र गावातच राहते, हा तिलोनियाचा विचार साधा आणि पक्का आहे. ज्या गावात असा हात नाही तेथे एक तार सुटल्याने संच कोपऱ्यात पडून राहतो आणि मोडलेल्या बॅटऱ्या उकिरड्यावर जातात.

विकेंद्रित विजेचे हे सारे महत्त्व मान्य करूनही मोठ्या केंद्रांची गरज संपत नाही, कारण कारखाने आणि वाढती शहरे छपरावरच्या पॅनेलवर चालणार नाहीत. केनियाने नैवाशाजवळील ओल्कारिया येथे १९८१ पासून भूगर्भातील वाफेवर वीज निर्माण केली आहे आणि आज देशातील ४० टक्क्यांहून अधिक वीज या मार्गाने येते. सूर्य आणि वारा यांच्या लहरीपणाचा तिच्यावर परिणाम होत नाही, आणि जल व पवन यांच्यासह केनियाची सुमारे ९० टक्के वीज नवीकरणीय आहे. इथिओपियाने नील नाईल नदीवरील ५,१५० मेगावॅटचे महाकाय धरण मुख्यतः स्वतःच्या नागरिकांच्या पैशावर उभारून सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचे उद्घाटन केले, जरी त्या देशातील जवळपास निम्म्या लोकांकडे अजून वीज नाही. मोठ्या प्रकल्पांच्या मर्यादाही तितक्याच उघड आहेत. केनियातील तुर्काना सरोवराजवळ ३६५ पवनचक्क्यांचा ३१० मेगावॅटचा प्रकल्प २०१७ मध्ये तयार झाला, पण चारशेहून अधिक किलोमीटरची पारेषणवाहिनी अपुरी राहिल्याने त्याची वीज सुमारे दीड वर्ष कोठेच जाऊ शकली नाही. झांबियात २०२४ च्या तीव्र दुष्काळात करिबाचा जलाशय इतका आटला की देशभर दिवसाचे बहुतेक तास भारनियमन करावे लागले, कारण देशाची बहुतांश वीज एकट्या पाण्यावर विसंबून होती.

या सगळ्यांवर एका अदृश्य खर्चाची सावली आहे, तो म्हणजे भांडवलाचा. सौर आणि पवन विजेला इंधन लागत नाही, म्हणून तिचा जवळपास सारा खर्च सुरुवातीलाच, कर्ज काढून करावा लागतो, आणि विजेचा दर व्याजदरावर ठरतो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या मते आफ्रिकेत अशा प्रकल्पांसाठी भांडवलाचा खर्च श्रीमंत देशांच्या किमान दुप्पट ते तिप्पट असतो. त्यामुळे जर्मनीच्या तुलनेत कितीतरी अधिक ऊन असलेल्या देशात त्याच पॅनेलची वीज महाग पडू शकते. हा निसर्गाचा नव्हे तर सावकारीचा दोष आहे, आणि तो दूर करणे श्रीमंत देशांच्या व आंतरराष्ट्रीय बँकांच्या हातात आहे.

जागतिक बँक आणि आफ्रिकी विकास बँक यांनी एप्रिल २०२४ मध्ये २०३० पर्यंत ३० कोटी आफ्रिकनांना वीज देण्याचे 'मिशन ३००' जाहीर केले, आणि जानेवारी २०२५ मध्ये दार-ए-सलाम येथील परिषदेत नायजेरिया, टांझानिया, झांबिया, चाड यांच्यासह १२ देशांनी आपापल्या योजना मांडल्या. यातील जवळपास निम्म्या जोडण्या मिनी-ग्रिड व सौर संचांतून मिळाव्यात अशी कल्पना आहे. दरम्यान बाजार आपल्या वेगाने पुढे गेला आहे: जून २०२५ पर्यंतच्या बारा महिन्यांत आफ्रिकेने चीनमधून सुमारे १५ हजार मेगावॅट क्षमतेची सौर पॅनेल आयात केली, आधीच्या वर्षापेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी अधिक, आणि त्यातली मोठी संख्या कोणत्याही सरकारी योजनेविना दुकानांच्या, शेतांच्या आणि घरांच्या छपरांवर चढली. ज्यांच्याकडे पैसा आहे ते आपली सोय करून घेत आहेत. उरलेल्यांसाठी सवलत, स्वस्त कर्ज आणि दुरुस्तीची व्यवस्था उभी करणे हे काम बाजार करणार नाही. ते सरकारांनाच करावे लागेल, आणि मोरोक्कोने ते केल्याचा दाखला त्याच खंडात आहे. २०३० मध्ये तीस कोटींचा आकडा जाहीर होईल तेव्हा वाचकाने एवढेच विचारावे की, त्यातली किती घरे पहिल्या पायरीवर आहेत, किती तिसऱ्या पायरीवर पोचली आहेत, आणि इंगाच्या तारांखालच्या गावांपैकी किती त्यात मोजली गेली आहेत.